आधी ‘केव्हा?’, मग ‘कोण?’

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत सभासद व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



साथीचे रोग, वैद्यकीय संशोधन आणि कायदेशीर जबाबदारी असा विषय मला दिला गेला, तेव्हा मी थोडा बिचकलो. मी डॉक्टर नाही, वकील नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला एक कारकून. पण विचार करता असे लक्षात आले की जबाबदारी ठरवणे हे काम आम्हा बँकवाल्यांना रोजच करावे लागते. संध्याकाळी कॅश जुळली नाही की चूक कोणाची, हा प्रश्न उभा राहतोच. म्हणून सुरुवात माझ्याच अनुभवाने करतो. शाखेचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाखेत होतो तेथे एका संध्याकाळी वीस हजार रुपये कमी भरले. दोनदा मोजले, तिसऱ्यांदा मोजले. तरी कमीच. त्या दिवशी नोटांची बंडले कॅशियरच्या केबिनपासून तिजोरीपर्यंत एका नव्या शिपायाने नेली होती. पोरगा गरिबाघरचा, आपल्याच एका वस्तीतला. कोणी काही बोलले नाही, पण सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. थोड्या वेळाने एकाने त्याला पिशवी दाखवायला सांगितली. त्याने मुकाट्याने जेवणाचा डबा, रुमाल आणि एसटीचा पास टेबलावर काढून ठेवला. मीही तेथे उभा होतो. मीही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी निवृत्तीला आलेले एक अधिकारी आले. त्यांनी ‘कोण होता?’ असे विचारलेच नाही. त्यांनी विचारले, “कॅश शेवटची जुळली होती केव्हा?” दुपारी एक वाजता मोजदाद झाली होती आणि तेव्हा हिशेब बरोबर होता. “मग एकनंतरच्या स्लिपा काढा,” ते म्हणाले. अर्ध्या तासात सापडले. बावीस हजार दिलेली एक विड्रॉल स्लिप संगणकावर दोन हजार म्हणून नोंदली गेली होती. चूक झाली होती ती केबिनच्या आत, शिपायाने बंडलाला हात लावण्यापूर्वी. पैसे जुळले. पण त्या पोराने त्या दिवसापासून आमच्याबरोबर डबा खाणे सोडले.

मित्रहो, ‘केव्हा?’ आणि ‘कोण?’ या दोन प्रश्नांत किती अंतर आहे ते मला त्या दिवशी समजले. आज जी हकीकत सांगणार आहे तिच्यात हेच अंतर पाच वर्षांचे होते, आणि त्या पाच वर्षांत एका थोर संशोधकाची उमेद खर्ची पडली.

आपल्यापैकी अनेकजण रुग्णाला घेऊन रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले असतील. परळला के. ई. एम., टाटा आणि वाडिया ही रुग्णालये जवळजवळ आहेत. त्याच परिसरात, आचार्य दोंदे मार्गावर, हाफकिन संस्थेची जुनी इमारत आहे. आपल्या सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस हेही परळच्याच शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले. नातेवाइकाच्या तपासणीसाठी गेलो असताना हाफकिन संस्थेची ती पाटी मी कितीदा तरी वाचली असेल. हाफकिन हा कोण माणूस, हे मात्र मला पुष्कळ उशिरा कळले.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ते प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. वैद्यकाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्यावर लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. शहर ओस पडू लागले. सरकारने हाफकिन यांना मुंबईस बोलावले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना लहानशी जागा मिळाली आणि मदतीला एक कारकून व तीन अप्रशिक्षित मदतनीस. एवढ्या सामग्रीवर काही महिन्यांत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. तुरुंगातल्या माणसाची ‘स्वेच्छा’ कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न आज आपण विचारला पाहिजे. आजच्या नियमांत कैद्यांसारख्या परावलंबी व्यक्तींच्या संमतीबाबत विशेष काळजी घ्यावी लागते, ती अशाच अनुभवांतून शिकून.

त्याच फेब्रुवारीत सरकारने साथरोग कायदा, १८९७ हा केला. अवघ्या चार कलमांचा कायदा. त्यात आदेश मोडणाऱ्यास शिक्षा आहे, आणि सद्हेतूने कृती करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही असे संरक्षणही आहे. म्हणजे जबाबदारी जनतेची आणि संरक्षण अधिकाऱ्याचे. पुण्यात या अधिकाराचा वापर कसा झाला, घरे कशी झडली गेली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्याच पुण्यात त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. साथीत सत्ता कशी वागते आणि करुणा कशी वागते, हे एकाच वर्षी, एकाच शहरात दिसले.

हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. मागणी वाढत होती, विशेषतः पंजाबातून लाखो मात्रांची मागणी आली. तेव्हा हाफकिन यांनी लस तयार करण्याच्या रीतीत एक बदल केला. पूर्वी जंतुनाशक म्हणून लसीत कार्बोलिक ॲसिड घालत असत. त्याऐवजी केवळ उष्णतेवर भर देण्यात आला. ही रीत पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये वापरात होती आणि तिने वेळ वाचत होता. येथील इंग्रज अधिकाऱ्यांना मात्र ती अपरिचित होती.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मुल्कोवाल नावाचे गाव, जे आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी तेथे १०७ लोकांना परळहून आलेली लस टोचली गेली. सुमारे आठवड्याने काहींचे जबडे आवळू लागले, अंग ताठ होऊ लागले. हा धनुर्वात होता. १९ माणसे दगावली. या सर्वांना एकाच बाटलीतली लस दिली होती. तिचा क्रमांक ५३-एन. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही.

येथे प्रश्न सरळ होता. धनुर्वाताचे जंतू त्या बाटलीत शिरले केव्हा? परळला, बूच बसवण्यापूर्वी? की मुल्कोवालला, बूच काढताना? पहिले खरे असेल तर जबाबदारी प्रयोगशाळेची. दुसरे खरे असेल तर प्रयोगशाळा निर्दोष.

चौकशी मंडळ नेमले गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स हे त्याचे अध्यक्ष होते. मंडळाचा कौल हाफकिन यांच्या विरुद्ध गेला. बाटली परळलाच दूषित झाली असावी, आणि कार्बोलिक ॲसिड वगळले ही चूक झाली, असा त्याचा आशय होता. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर करून रजेवर पाठवण्यात आले. ज्या माणसाने आपल्याच अंगावर आधी लस टोचून घेतली, तो आता १९ मृत्यूंचा धनी ठरला.

ते परदेशी होते, रशियन साम्राज्यातले ज्यू होते, वैद्यकीय खात्याच्या बाहेरचे होते, आणि त्यांची रीत नवी होती. संशय जायला एवढे पुरेसे होते. फ्रान्समध्ये कॅप्टन ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यावर खोटा आळ आला होता. पुढे हाफकिन यांच्या प्रकरणाला ‘छोटे ड्रेफस प्रकरण’ असे नाव पडले ते उगाच नव्हे. मंडळातील लोक दुष्ट होते असे मी म्हणत नाही. आमच्या शाखेतले लोकही दुष्ट नव्हते. ‘कोण?’ हा प्रश्न आधी विचारला की बोट आपोआप त्याच्याकडे जाते, ज्याच्या बाजूने बोलणारे कोणी नसते.

पुढे कागदपत्रे प्रसिद्ध झाली आणि ती नव्याने वाचली गेली. किंग्ज कॉलेजचे प्राध्यापक सिम्पसन यांनी व मलेरियाच्या शोधासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी ती बारकाईने तपासली. विद्यार्थी मित्रांनी हा भाग नीट ऐकावा, कारण न्यायवैद्यक शास्त्र म्हणजे काय ते यात आहे.

पहिली गोष्ट वासाची. ज्या डॉक्टरांनी मुल्कोवालला लस टोचली त्यांनी बाटली उघडल्यावर वास घेऊन पाहिला होता. काही वावगे जाणवले नव्हते. धनुर्वाताचे जंतू कित्येक दिवस बाटलीत वाढत असते तर उग्र दुर्गंधी आली असती.

दुसरी गोष्ट काळाची. रोग्यांत लक्षणे दिसायला सुमारे आठवडा लागला. बाटलीत जंतू आधीच वाढून विष तयार झाले असते, तर ते विष अंगात जाताच लक्षणे फार लवकर दिसली असती. आठवडा लागला याचा अर्थ असा की थोडे जंतू नुकतेच आत गेले होते आणि ते माणसाच्या शरीरात वाढले.

तिसरी गोष्ट हाताची. बूच काढण्याचा चिमटा गावातल्या मदतनीसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच त्याच चिमट्याने ५३-एन ही बाटली उघडली गेली. धनुर्वाताचे बीज मातीत, विशेषतः जनावरांच्या शेणाने मिसळलेल्या मातीत असते, हे आपल्या खेड्यांतल्या प्रत्येक आरोग्यसेविकेला ठाऊक आहे.

तिन्ही पुरावे एकाच बाजूस बोट दाखवत होते आणि ते एकमेकांवर अवलंबून नव्हते. हाच भक्कम पुराव्याचा गुण. जुलै १९०७ मध्ये रॉस व अन्य नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांच्यावरील दोष सिद्ध होत नाही असे जाहीर केले. नोव्हेंबर १९०७ मध्ये त्यांना दोषमुक्त करण्यात आले. ते पुन्हा हिंदुस्थानात आले, कलकत्त्यात राहिले, पण पूर्वीसारखे काम त्यांना करू दिले गेले नाही. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून त्यांच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. आमच्या शाखेतली वीस हजारांची चूक एका दिवसात उलगडली, म्हणून तो पोरगा नोकरीवर राहिला. हाफकिन यांना पाच वर्षे लागली.

येथे भाषण संपवले तर ते अर्धवट राहील. कारण आपण मग एवढेच म्हणू की साहेब निर्दोष आणि मदतनीस दोषी. पुन्हा सर्वांत खालच्या पायरीवरचा माणूस! चिमटा हातून पडणे हा गुन्हा नव्हे. त्याला निर्जंतुक करणे शिकवले होते का? एका दिवसात १०७ लोकांना टोचायचे असताना त्याला थांबण्याची मुभा होती का? आणि पडलेला चिमटा बाजूला ठेवता येईल असा दुसरा चिमटा होता का? जबाबदारी ही साखळी असते. तिचा एकच दुवा पकडून सगळा भार त्यावर टाकणे म्हणजे न्याय नव्हे. आणि ज्या १९ माणसांचा जीव गेला, त्यांची नावे या सगळ्या वादात किती वेळा उच्चारली गेली? शास्त्रज्ञाच्या अब्रूसाठी पत्रे लिहिली गेली, ते योग्यच झाले. पण पहिला अन्याय त्या १९ घरांवर झाला होता.

आता कोणी म्हणेल, ही इंग्रजांच्या जमान्यातली गोष्ट झाली. तशी नाही. १९८९ मध्ये गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले होते. तपासणीत एचआयव्ही आढळल्यावर पोलिसांनी त्याला नेले आणि कायद्यावर बोट ठेवून ६४ दिवस म्हापशातील जुन्या क्षयरुग्णालयाच्या इमारतीत कोंडून ठेवले. रक्त देणारा माणूस आरोपी झाला! न्यायालयात दाद मागितल्यावर तो बाहेर आला, तरी अलग ठेवण्याची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने तेव्हा वैध ठरवली. १९९२ मध्ये तो वारला. पण त्या लढ्याने अनेकांचे डोळे उघडले. १९९७ मध्ये याच उच्च न्यायालयाने, काम करण्यास सक्षम असलेल्या मजुराला केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून दूर करता येणार नाही, असा निकाल दिला. आणि २०१७ मध्ये संसदेने असा भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा केला.

कोरोनाचा काळ तर आपण सर्वांनी भोगला. २०२० मध्ये रोग कोणी आणला याची चर्चा रोग बरा कसा होईल यापेक्षा जास्त झाली. दिल्लीच्या तबलिगी कार्यक्रमास आलेल्या काही परदेशी नागरिकांवर अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे नोंदले गेले. ऑगस्ट २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केले गेले असण्याचा संभव बोलून दाखवला. १९०२ साली बाटली होती, २०२० साली माणसे होती. घाई तीच होती.

कायदा मात्र या घाईला आवर घालायला हळूहळू शिकला आहे. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टरवर निष्काळजीपणाचा फौजदारी गुन्हा चालवण्यापूर्वी तपास अधिकाऱ्याने त्या शाखेतील दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे स्वतंत्र मत घ्यावे. म्हणजे आधी ‘काय व केव्हा’, नंतर ‘कोण’. दुसऱ्या बाजूने, १९९५ च्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. आणि २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर ७२ तासांत केसपेपरच्या प्रती द्याव्या लागतात. आपल्या समाजातील किती घरांना हे माहीत आहे? दवाखान्यात आपला माणूस गेला की आपण एक तर नशीब म्हणतो, नाही तर काचा फोडतो. दोन्हीत पुरावा हरवतो. शांतपणे अर्ज करा, तारीख घाला, पोच घ्या, कागद मागा. शवविच्छेदनाला नुसत्या भीतीने नकार देऊ नका. कागद आणि नमुना हीच उद्या बोलणारी जीभ आहे.

आपल्या धम्मग्रंथांत बाण लागलेल्या माणसाची गोष्ट आहे. बाण मारणारा कोण, कोणत्या वर्णाचा, कोणत्या गावचा हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, असे तो म्हणतो आणि तसाच मरतो. मला वाटते, साथीच्या काळात समाज असाच वागतो. आधी बाण काढावा. मग तो कोठून, कसा, केव्हा आला ते शोधावे. ‘कोण’ हे त्यातूनच कळते, आणि तेव्हा ते खरे कळते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यातले काहीजण डॉक्टर, परिचारिका, वकील, पोलीस, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ होतील. कोणी माझ्यासारखे बँकेतही येतील. एक दिवस तुमच्यासमोर एक नवखा पोरगा उभा असेल आणि खोलीतल्या सगळ्या नजरा त्याच्याकडे वळलेल्या असतील. त्या वेळी तुम्ही गप्प राहू नका. मी राहिलो होतो. तुम्ही फक्त एवढेच विचारा, “हिशेब शेवटचा जुळला होता केव्हा?”